भाड्याचा तेरावा महिना

बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावी जाणारा नोकरमाणूस घराविषयी तीन गोष्टींची चौकशी करतो: पाणी कसे आहे, मुलांची शाळा किती लांब आहे, आणि भाडे किती. बंगळुरास येणाऱ्यास यात चौथ्या प्रश्नाची भर घालावी लागते, व तो म्हणजे ‘ॲडव्हान्स किती महिन्यांचा?’ होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा या वस्तीत हा प्रश्न विशेष जाणवतो. आनेकल तालुक्यातील हे मूळचे खेडे. पुढे तेथे औद्योगिक वसाहत झाली, कारखाने व मोठी रुग्णालये आली, आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून येथवर १९.१५ किलोमीटर लांबीची पिवळी मेट्रो सुरू झाली. ज्यांना शहरातील भाडी परवडत नाहीत असे आम्हांसारखे पुष्कळ लोक या बाजूस येऊन राहतात. भाडे इकडे कमी आहे. परंतु मालकाच्या हाती आगाऊ ठेवावयाच्या रकमेची रूढी मात्र शहराचीच. ही रूढी दीर्घकाळ दहा महिन्यांची राहिली आहे. अलीकडे काही मालक पाच-सहा महिन्यांवरही राजी होतात, परंतु बोलणे सुरू होते ते दहापासूनच.

या रकमेचा बोजा किती असतो तो आकड्यांनी पाहू. समजा, एका वरिष्ठ लिपिकाने महिना १२,००० रुपये भाड्याचे घर घेतले. दहा महिन्यांच्या हिशेबाने त्याने १,२०,००० रुपये एकदम मोजले पाहिजेत. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात त्याच्या पातळीचे आरंभीचे मूळ वेतन २५,५०० रुपये आहे. महानगरांचा घरभाडेभत्ता जानेवारी २०२४ पासून ३० टक्के झाला, त्या दराने त्याला महिना ७,६५० रुपये मिळतात. आणि बदलीचे एकरकमी अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे २०,४०० रुपये. म्हणजे अनामत ही जवळजवळ पाच महिन्यांच्या मूळ वेतनाइतकी झाली, आणि अनुदानातून तिचा सहावा हिस्साच काय तो भागतो. उरलेली रक्कम भविष्यनिर्वाह निधीतून, पत्नीच्या दागिन्यांवर, अथवा गावाकडच्या भावाकडून उभी करावी लागते. ज्या पैशाने एवढी यातायात करावयास लावली, तो पैसा आपल्या व मालकाच्या व्यवहारात नेमका कोण म्हणून वावरतो, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे. त्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘अनामत’ हा शब्द मूळ अरबी ‘अमानत’. मराठीच्या तोंडी त्याची अक्षरे उलटसुलट झाली, पण अर्थ शाबूत राहिला: विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली, आणि मागताच परत मिळावयाची वस्तू. आपला देशी शब्द ‘ठेव’. कानडीत बँकेतील ठेवीला ‘ठेवणी’ म्हणतात. मराठी ‘ठेवणे’शी त्याचे नाते उघड आहे. आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाने १६३८ साली बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि १६८७ मध्ये मोगलांच्या हातून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. अर्धशतक मराठी अंमल पाहिलेल्या या प्रदेशात ‘करार’, ‘ठेवणी’ असे शब्द ऐकले म्हणजे मराठी माणसास परके वाटत नाही. असे असता या एका व्यवहारापुरता बंगळुरात कोणी ‘ठेवणी’ म्हणत नाही. सर्वत्र ‘ॲडव्हान्स’ हाच शब्द रूढ आहे. आता ॲडव्हान्स म्हणजे उचल. ती पुढील देण्यातून वळती व्हावयाची असते. अनामत वळती होत नाही, परत येते. घर सोडताना जे तंटे होतात त्यांतील पुष्कळांचे मूळ या एका शब्दात आहे. भाडेकरू म्हणतो, शेवटचे तीन महिने ॲडव्हान्समधून धरा. मालक म्हणतो, ती रक्कम घराच्या नुकसानीसाठी आहे, भाड्यासाठी नव्हे. दोघेही एकाच शब्दाचे दोन निरनिराळे अर्थ करीत असतात.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी याबाबत गोंधळ ठेवला नव्हता. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली आली आणि १९०९ साली ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला, हे वाचकांस ठाऊक असेलच. पुढे मुंबई विद्यापीठातर्फे रा. प्र. कंगले यांनी त्याची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात भाड्याच्या घराचे नियम आढळतात. राहण्यास मनाई केली असताही राहणारा भाडेकरू आणि निष्कारण भाडेकरूस बाहेर काढणारा मालक या दोघांनाही बारा पण दंड सांगितला आहे. मारहाण, चोरी असे अपराध केलेल्या भाडेकरूस मात्र काढता येते. जो आपण होऊन मध्येच घर सोडून जाईल त्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे आजच्या करारातील ‘अमुक महिन्यांपूर्वी घर सोडता येणार नाही’ हे कलम काही आधुनिकांचा शोध नव्हे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून ग्रंथकाराने वर्षाच्या भाड्याची जबाबदारी भाडेकरूवर ठेवली; मालकाने आरंभीच रक्कम अडकवून ठेवावी असे या नियमांत नाही.

त्याच अधिकरणात ठेवींचा स्वतंत्र अध्याय आहे. दुसऱ्याची ठेव जो वापरील त्याने देशकाल पाहून त्या उपभोगाचा मोबदला द्यावा, शिवाय बारा पण दंड भरावा, असा तेथील नियम. याज्ञवल्क्य स्मृतीही हेच सांगते: जो स्वेच्छेने ठेवीवर निर्वाह चालवील त्यास दंड करावा, आणि ती ठेव वाढीसह परत करावयास लावावी. राजा, दैव अथवा चोर यांच्यामुळे ठेव नाहीशी झाली तर मात्र ठेवून घेणाऱ्यास दोष नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीत तारणाचेही दोन प्रकार आहेत, गोप्य आणि भोग्य. गोप्य म्हणजे केवळ जपून ठेवावयाचे. भोग्य म्हणजे सावकाराने उपभोग घ्यावयाचे, जसे शेत किंवा घर, आणि तो उपभोग हेच त्याचे व्याज. गोप्य तारण वापरले तर सावकाराचे व्याज बुडते. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याण नगरीत लिहिली. ते कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. महामहोपाध्याय काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या १९४६ च्या तिसऱ्या खंडात या विषयाचा परामर्श घेतला आहे. तात्पर्य, दुसऱ्याचा पैसा नुसता सांभाळणे आणि तो वापरणे यांत जुन्यांनी स्पष्ट रेषा ओढली होती, आणि रेषा ओलांडणाऱ्यावर मोबदल्याचा बोजा टाकला होता. ही रेषा पुढे कशी पुसट होत गेली ते मुंबईच्या इतिहासात दिसते.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, १८९८ साली शहर सुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या. गिरण्यांकडे येणारा लोंढा मात्र थांबला नाही. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली सरकारने पहिला भाडेनियंत्रण कायदा केला. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला, आणि त्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकली. या कायद्याच्या १८ व्या कलमाने भाड्याव्यतिरिक्त नजराणा घेणे हा मालकाचा अपराध ठरविला, आणि १९ व्या कलमाने जागेचा हक्क सोडताना भाडेकरूनेही पैसे घेण्यास बंदी केली. हेतू चांगला होता. लक्षावधी कष्टकऱ्यांच्या डोक्यावरील छप्पर या कायद्याने वाचविले हेही खरे. परंतु घराची किंमत वर्षागणिक चढत गेली आणि भाडे मात्र १९४० सालीच राहिले. या दोहोंमधील अंतर कोठे तरी भरून निघणारच होते. ते पागडीच्या रूपाने निघाले. पागडीची पावती नसे, ती परत मिळत नसे, आणि कायद्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नव्हती. तरी गिरगावापासून परळपर्यंत तिच्यावाचून खोली मिळत नसे.

मालकांनी दुसरी वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. भाडेकरू म्हणावयाचे नाही, परवानाधारक म्हणावयाचे. तीही वाट १९७३ साली अरुंद झाली. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ज्यांच्याकडे चालू परवाना होता त्यांना भाडेकरूचे संरक्षण देण्यात आले. त्यानंतर जागा देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवलेली बरी असे मानणारे मालक वाढले, आणि जे देत ते मोठी अनामत मागू लागले. शेवटी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. महाराष्ट्राचा १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला, आणि त्याच्या ५६ व्या कलमाने पागडी व अनामत घेणे विधियुक्त ठरविले. जो व्यवहार अर्धशतकाहून अधिक काळ चोरून चालला होता, तो आता उजेडात आला.

याच महाराष्ट्रात मुद्रांकाचा एक नियम आहे, त्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. निवासी जागेच्या परवाना-करारावर मुद्रांक शुल्क आकारताना सरकार केवळ भाडे मोजीत नाही. परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज कल्पून तेही भाड्यात मिळविते. याचा अर्थ असा की, अनामत बिनव्याजी असली तरी ती फुकट नाही, तिच्यातून मालकास मिळणारा लाभ हा भाड्याचाच एक भाग आहे, हे सरकारी हिशेबाने मान्य केले आहे. आता हाच दर बोम्मसंद्र्याच्या घरास लावून पाहू. १,२०,००० रुपयांवर १० टक्के म्हणजे वर्षास १२,००० रुपये. ही रक्कम बरोबर एका महिन्याच्या भाड्याइतकी आहे. दहा महिन्यांची अनामत आणि शेकडा दहा हा दर एकत्र आले की भाडे कितीही असो, हिशेब हाच निघतो. भाडेकरू वर्षाचे बारा महिने राहतो आणि तेरा महिन्यांचे भाडे देतो. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आपल्याकडे अधिकमासावरून आली. परंतु अधिकमास तरी सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो.

कर्नाटकात कायद्याची वाट निराळी झाली. म्हैसूर राज्याने १९६१ साली भाडेनियंत्रण कायदा केला. त्याच्या जागी आलेला १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा २००१ च्या अखेरीस अंमलात आला. त्याने मोठ्या शहरांत महिना ३,५०० रुपये व इतरत्र २,००० रुपये यांहून अधिक भाड्याची घरे आपल्या कक्षेबाहेर ठेवली. दिल्लीतही १९५८ च्या कायद्यातून ३,५०० रुपयांवरील घरे १९८८ साली अशीच वगळली गेली होती. त्यामुळे नोकरदार कुटुंबे आज ज्या घरांत राहतात ती बहुधा या विशेष कायद्याबाहेरच पडतात. तेथे उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, उभयतांचा करार, आणि रूढी. करारही अकरा महिन्यांचा, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो.

न्यायाची गोष्ट ही की, मालकाचीही एक बाजू आहे. होसूर रस्त्यालगतच्या गावठाणात ज्यांनी जमीन होती तीवर एकावर एक मजले चढविले ते सगळे गबर नाहीत. भाडेकरू परमुलखातला, ओळखीचा कोणी नाही, वीजबिल थकवून तो रातोरात निघून गेला तर शोधावा कोठे? न्यायालयात गेले तर निकाल लागेतो वर्षे जातात. अशा स्थितीत हाताशी रक्कम असावी ही इच्छा रास्त आहे. परंतु नुकसानीच्या भीतीस दोन-तीन महिन्यांची रक्कम पुरी पडते. दहा महिन्यांच्या रकमेतून वरचा मजला चढतो, अथवा आधीच्या भाडेकरूची अनामत फिटते. म्हणजे ती तारण राहत नाही, भांडवल होते. गोप्य म्हणून घेतलेला पैसा भोग्य होतो, आणि उपभोगाचा मोबदला मात्र कोणी देत नाही.

आश्चर्य असे की, ‘भोग्य’ हा प्राचीन शब्द बंगळुरात अद्याप जिवंत आहे. भाडेकरूने काही लाख रुपये एकदम द्यावयाचे, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहावयाचे, आणि जाताना सर्व रक्कम परत घ्यावयाची, या व्यवहारास येथे भोग्य किंवा नुसते ‘लीज’ म्हणतात. घराचा उपभोग हे पैशाचे व्याज, आणि पैशाचा उपभोग हे घराचे भाडे. हा व्यवहार ॲडव्हान्सपेक्षा प्रामाणिक आहे असे आम्हांस वाटते, कारण कोण काय वापरतो हे त्यात लपलेले नाही. १८८२ च्या कायद्याने अशा उपभोगी गहाणास मान्यता दिली आहे. पण शंभर रुपयांवरील असे गहाण नोंदलेल्या दस्तानेच करावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक लोक साध्या मुद्रांकाच्या कागदावर भागवितात. मग तेच घर बँकेकडे आधीच गहाण असल्याचे उघडकीस आले म्हणजे भाडेकरूच्या हाती कागदाखेरीज काही राहत नाही. दक्षिण कोरियात ‘जोन्से’ नावाची अगदी अशीच पद्धत आहे. तेथे अनेक मालकांना रकमा परत करता आल्या नाहीत व फसवणुकीचे प्रकार उजेडात आले, तेव्हा २०२३ साली बळी पडलेल्या भाडेकरूंसाठी विशेष कायदा करावा लागला.

बदलीच्या नोकरीत या सर्वाची कसोटी घर सोडताना लागते. रुजू होण्यास नियमाप्रमाणे अंतर पाहून दहा ते पंधरा दिवस मिळतात. मालक म्हणतो, नवा भाडेकरू आला की त्याच्या ॲडव्हान्समधून तुमचा देतो. नवा भाडेकरू महिन्याने येतो; तोवर जुना दिल्लीस किंवा गुवाहाटीस पोचलेला असतो, आणि तेथील घरासाठी त्याला दुसरी अनामत मोजावी लागलेली असते. रंगसफेदीसाठी एका महिन्याचे भाडे कापण्याची येथे रूढी आहे. खिळे, नळ, पंखे यांच्या नावाने आणखी काही कापले जाते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबास उरलेली रक्कम चार हप्त्यांनी, सात महिन्यांनंतर मिळाली. दोन हजार किलोमीटरांवरून फिर्याद करण्याचा खर्च त्या रकमेच्या मानाने परवडणारा नव्हता, आणि ही गोष्ट मालकासही ठाऊक होती.

यावर इतर देशांनी जो उपाय शोधला तो आपल्या जुन्या व्यवहारास अपरिचित नाही. दोन पक्षांत वाद संभवत असेल तर वस्तू तिऱ्हाइताकडे ठेवावी, ही आपली रीतच होती. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९७७ साली कायदा करून भाडेकरूंच्या अनामती सरकारी मंडळाकडे ठेवण्याची व्यवस्था केली. इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाने अनामत मान्यताप्राप्त योजनेच्या संरक्षणाखाली ठेवलीच पाहिजे असा नियम झाला, आणि २०१९ पासून सर्वसाधारण घरास पाच आठवड्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा आली. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. त्यात निवासी घरास दोन महिन्यांची व इतर जागेस सहा महिन्यांची मर्यादा आहे, आणि घराचा ताबा परत घेण्याच्याच दिवशी योग्य वजावट करून रक्कम परत करावी असे म्हटले आहे. परंतु घरभाडे हा राज्यांचा विषय असल्याने राज्याने स्वीकारल्यावाचून तो मसुदा कोणास बांधील नाही. अत्तिबेलेचा नाका ओलांडून होसुरास गेले की तामिळनाडूचा २०१७ चा कायदा लागतो, आणि तेथे वेगळा करार नसेल तर मर्यादा तीन महिन्यांची आहे. त्या मसुद्यातही रक्कम राहते ती मालकाकडेच. तिऱ्हाईत अद्याप आलेला नाही.

तो येईपर्यंत जे आपल्या हाती आहे ते करावे. रक्कम रोखीने न देता बँकेमार्फत द्यावी. करारात ‘ॲडव्हान्स’ असे मोघम न लिहिता ‘परत करावयाची अनामत’ असे स्पष्ट लिहावे. रंगसफेदीचा आकडा, वजावटीची कारणे आणि परतीचा दिवस हे तिन्ही आरंभीच ठरवावेत. बदलीचा हुकूम आल्यास मुदतीपूर्वी घर सोडण्याची मुभा असावी, आणि किल्ली देण्याच्या वेळीच रक्कम मिळावी असे कलम घालावे. घरात शिरण्यापूर्वी दोघांनी मिळून नळ, दिवे व भिंती यांची यादी करून सह्या कराव्यात. ही यादी मालकाच्याही तितकीच उपयोगी पडते. भोग्याने घर घ्यावयाचे असेल तर भारमुक्तीचा दाखला पाहिल्यावाचून व दस्त नोंदविल्यावाचून पैसा देऊ नये. आणि महिने कमी करण्याविषयी बोलताना तेराव्या महिन्याचा हिशेब मालकापुढे सौजन्याने मांडावा. अनामत निम्मी करून भाडे थोडे वाढवून देणे हे पुष्कळदा दोघांच्याही सोयीचे ठरते, कारण वाढलेले भाडे महिन्याच्या पगारातून जाते, आणि निम्मी रक्कम कुटुंबापाशी राहते.

आपल्यापैकी काही जण निवृत्तीनंतर पुण्यास किंवा नागपुरास एखादी सदनिका घेऊन ती भाड्याने देतील. तेव्हा आपल्या दारी कोणी कानडी किंवा बंगाली लिपिक बदलीचा हुकूम घेऊन उभा राहील, आणि त्याने मोजलेली रक्कम आपल्या खात्यात येईल. ती स्वतंत्र खात्यात ठेवावी, आणि तो निघेल त्या दिवशी हिशेब करून त्याच्या हाती द्यावी.